गारगोटीवरची निळी झिलई आणि तिचे श्रेय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुदानमधील युद्धात खार्टूमचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मात्र लुटीत नेमके काय गेले आणि ते कोणी घडवले होते, याची चौकशी फारशी होत नाही. ‘इजिप्तकालीन वस्तू’ म्हणून बहुधा बोळवण होते.

आजच्या सुदानमधील, नाईलच्या तिसऱ्या प्रपाताजवळील केर्मा येथे इ. स. पू. सुमारे १७०० ते १५५० या काळात कुश या प्राचीन राज्याचे कारागीर गारगोटीचे मणी घडवून त्यांवर निळी झिलई चढवीत. मणी जेमतेम बोराएवढा, आरपार भोक पाडलेला; निळा थर जिथे उडाला आहे तिथे खालचा पांढरट दगड दिसतो. शंखजिऱ्यावर झिलई चढवणे त्या मानाने सोपे, कारण तो दगड नखानेही ओरखडतो आणि भट्टीत तापवला की कठीण होतो. (हडप्पाच्या मुद्राही शंखजिऱ्याच्याच.) गारगोटी मात्र पोलादालाही दाद देत नाही. शिवाय ५७३ अंश सेल्सिअसला तिची स्फटिकरचना बदलून ती एकाएकी फुगते आणि घाईने तापवली किंवा निववली तर तडकते. झिलईचा तांबेमिश्रित लेप वितळवायला तर भट्टी याहून बरीच तापवावी लागते.

एवढे कसब स्थानिकांचे असेल, हे १९१३ ते १९१६ मध्ये तेथे उत्खनन करणाऱ्या जॉर्ज रायझनर यांना पटले नाही. केर्मा हे इजिप्तच्या सुभेदाराचे ठाणे होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बोने यांनी अनेक दशके केलेल्या उत्खननातून ती एका स्वतंत्र आफ्रिकी राज्याची राजधानी असल्याचे स्पष्ट झाले. झिलईची कला इजिप्तमध्ये आधीपासून होती हे खरे. पण गारगोटीवर ती एवढ्या सढळ हाताने वापरली ती केर्मानेच. रायझनर यांना सापडलेले असे काही मणी आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहेत.

सुदानी पुरावस्तूंची खरेदी-विक्री करू नये, असे आवाहन युनेस्कोने सप्टेंबर २०२४ मध्ये केले. अवजड पुतळा हलवायला वाहन लागते, मणी खिशातून जातो; आणि तो एकदा ‘इजिप्शियन’ म्हणून विकला गेला की त्यावर सुदानचा हक्क शाबीत करणे फार कठीण होऊन बसते. म्हणून अशा वस्तूंची छायाचित्रे छापताना खाली ‘कुश’ आणि ‘सुदान’ हे शब्द आवर्जून द्यावेत, अशी आपणांस विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक