कापूस निघेपर्यंत जीएसटी थांबत नाही: अर्थमंत्री मॅडमना खुलं पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी पांढरकवड्याचा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ. कृषी केंद्र, किराणा, हार्डवेअर, एखाददुसरी जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना), असल्या लोकांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो. बनवतो मीच, गाडीवर जाऊन टाकून देतो मीच, अन् अडलं की फोनही मलाच. आयटी म्हटलं की सगळ्यांना हिंजवडी अन् बेंगळुरू आठवते, तालुक्याच्या ठिकाणी असे एकेकटे लोक बसले आहेत हे कोणाच्या डोक्यात येत नाही, अन् आमची संघटना नाही, मोर्चा नाही, म्हणून हे पत्र.

मागणी एकच आहे. आमच्याकडून जीएसटी बिल काढल्यावर घेऊ नका, पैसे हाती आल्यावर घ्या.

आता हे काहून म्हणतो ते सांगतो. आमच्या भागात पैशाला हंगाम असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं, मग कापसाची वेचणी, अन् चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात येतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा कास्तकार कृषी केंद्राची उधारी चुकवतो, कृषी केंद्रवाला कंपनीचे देतो, घरात कोणाचं लग्न असलं तर ते, अन् मग उरलं तर सॉफ्टवेअरवाला. पण सॉफ्टवेअर त्याला पाहिजे असतं एप्रिल-मेमध्ये, कारण जूनमध्ये बसवायला कोणाला वेळ आहे?

मृग लागल्यावर कधी आमच्याकडच्या कृषी केंद्रात येऊन बघा मॅडम. काउंटरवर बियाण्याच्या पाकिटांचा ढीग, लॉट नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही, बाजूला युरियाच्या पॉस मशीनवर म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उमटत नाही म्हणून तो बोट सदऱ्याला पुसून राह्यला, बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवतो, अन् मालक फोन खांद्यानं कानाला दाबून मला विचारतो, भाऊ स्टॉक मायनस दाखवून राह्यलं, काय करू. मी सांगतो काय करायचं. मग हळूच पैशाचं काढलं की, "कापूस निघू द्या ना भाऊ, पळून चाललो का?" अन् खरंच पळत नाही तो, डिसेंबरात देते, बोलावून चहा पाजून देते. पण म्हणजे काय झालं, जून-जुलैत माझं काम सगळ्यात जास्त अन् गल्ल्यात सगळ्यात कमी. धंदा मंदा नाही, पैसा मंदा आहे.

आता हिशोब बघा. १२,००० चं सॉफ्टवेअर मे महिन्यात दिलं. १८ टक्क्यांनी २,१६० जीएसटी. सेवा दिल्यापासून ३० दिवसांत बिल काढायचं हा नियम, म्हणजे बिल थांबवता येत नाही. तिमाही रिटर्नवाला असलो तरी जास्तीत जास्त २२ जुलैपर्यंत हे २,१६० माझ्या खिशातून सरकारकडे गेलेच पाहिजेत, नाही तर वर्षाला १८ टक्के व्याज अन् लेट फी. गिऱ्हाइकाकडून तोपर्यंत एक रुपया नाही. असे दहा-पंधरा गिऱ्हाईक धरा, म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा माझ्याकडे पेट्रोलला पैसे नसतात, तेव्हा मी दुसऱ्याच्या उधारीवरचा टॅक्स उसनवारी करून भरतो. अन् उधारी बुडालीच तर भरलेला टॅक्स काही परत येत नाही, तो गेला तो गेलाच.

गंमत म्हणजे उधारी असते हे कायद्याला चांगलं माहीत आहे. घेणाऱ्यानं १८० दिवसांत पैसे दिले नाही तर त्यानं घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, व्याजासकट परत करावं लागते. म्हणजे पैसे दिले गेले नाहीत हे समोरच्याचं क्रेडिट काढून घ्यायला दिसते, माझा टॅक्स थांबवायला मात्र दिसत नाही.

अन् मी काही जगावेगळं मागत नाही. सर्व्हिस टॅक्स होता तेव्हा २०१२ पासून, मागच्या वर्षीची उलाढाल ५० लाखांच्या आत असलेला एकटा माणूस किंवा भागीदारी फर्म असेल तर पैसे आल्यावर टॅक्स भरायची सोय होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला अन् ती सोय गेली. ब्रिटनमध्ये तर छोट्या धंद्यांना व्हॅट पैसे मिळाल्यावर भरायची स्कीम आजही चालू आहे.

लोक मला म्हणतात, तू नोंदणीच कशाला घेतो, सेवेला २० लाखांपर्यंत माफ आहे ना. अहो पण जिनिंगवाला, होलसेलवाला जीएसटी बिलाशिवाय घेत नाही, त्याला क्रेडिट पाहिजे. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांच्या ठोक दराच्या स्कीममध्ये, जा म्हणतात, ५० लाखांच्या उलाढालीपर्यंत ६ टक्के. त्यातही गिऱ्हाइकाला क्रेडिट नाही, अन् दुसऱ्या राज्यात विकता येत नाही. आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, तेलंगणा. माझे कितीतरी गिऱ्हाईक तिकडचे आहेत, तेही कापूसवालेच, त्यांना काय सोडून देऊ? तिसरे सल्लागार म्हणतात ४५ दिवसांचा कायदा आहे, २००६ चा, सूक्ष्म उद्योगाचे पैसे अडकवले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज लागते, टाक केस. कोणावर टाकू? ज्याचे स्वतःचेच पैसे गावागावात अडकले आहेत त्याच्यावर? तो पुढच्या वर्षी माझं रिन्युअल बंद करेल अन् चार जणांना सांगेल.

यात मंदीचं वर्ष आलं की विचारूच नका. २०२५ मध्ये १९ ऑगस्टपासून डिसेंबर संपेपर्यंत कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, कापडवाल्यांना बरं वाटलं असेल, पण लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० असून खासगी व्यापारी त्याच्या खालीच बोली लावत होते. हमीभाव पाहिजे तर सरकारी खरेदीच्या कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी करा, स्लॉट घ्या, थांबा. सोयाबीनचंही तेच, हमीभाव ५,३२८ अन् यार्डात त्याच्या खाली. कास्तकाराचा चुकारा लांबला की माझं रिन्युअल लांबते, साधी साखळी आहे.

त्याच २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे दर बदलले. ठिबक, स्प्रिंकलर, सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ टक्क्यांवरून ५ वर आली, चांगलंच केलं, याबद्दल तक्रार नाही. पण दर बदलला की दुकानदार म्हणतो सॉफ्टवेअरमध्ये बदलून द्या, अन् तो फुकटच समजतो. तुमचा निर्णय दुकानाच्या बिलावर उतरवायचं काम आमच्यासारख्यांनी घरी बसून, नवरात्रात, बिनपैशाचं केलं.

बारकोड छापायचं एक छोटं टूल मी बाहेरच्या देशातही ऑनलाइन विकतो, म्हटलं इकडचा खड्डा तिकडून भरेल. पण युरोपात जुलै-ऑगस्ट म्हणजे सुट्ट्या, ऑफिसं रिकामी, ऑर्डर नाहीत. म्हणजे इकडे पेरणी-डवरणी तेव्हाच तिकडे लोक फिरायला, दोन्ही मंद्या एकाच वेळी. नोव्हेंबरअखेर तिकडे जरा हलते, नाताळला पुन्हा बंद.

बँकेचंही सांगून ठेवतो. किसान क्रेडिट कार्डाची परतफेड पीक निघायचा अन् विकायचा काळ धरून ठरते. त्याच कास्तकाराच्या पैशावर जगणाऱ्या मला मात्र मुद्रा लोनचा हप्ता दर महिन्याला, ऑगस्टातही तेवढाच.

तर काय करा, जुनी ५० लाखांची मर्यादाच परत आणा, आज महागाईनं ती जास्त असायला पाहिजे पण तेवढी तरी द्या. पर्याय ठेवा, सक्ती नको. घेणाऱ्यानंही क्रेडिट पैसे दिल्यावरच घ्यावं, म्हणजे सरकारचा एक रुपया बुडत नाही, फक्त चार-सहा महिने उशिरा येते, अन् तो उशीर आज मी सोसून राह्यलो. जीएसटी कौन्सिलच्या अध्यक्ष तुम्ही आहात, पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर हा विषय घ्या. एप्रिलच्या आधी झालं तर बरं, मेमध्ये आमची बिलं निघायला लागतात.

आपला,
पांढरकवड्याचा एक सॉफ्टवेअरवाला