घडी घातलेला कागद

ती. आई-बाबा,

आई, तू परवा फोनवर विचारलंस ना, हॉस्पिटलच्या सीनमध्ये खरंच रडत होतीस का, तेव्हा शॉट रेडी होता म्हणून मी नुसतं "हो गं" म्हणून फोन ठेवला. आता निवांत आहे तर नीट सांगते.

त्या सीनचा शेवट आम्ही आधी शूट केला आणि सुरुवात नंतर कधीतरी, कारण लोकेशन तसंच मिळत होतं, म्हणजे नवरा गेल्याचं रडून झालं आणि मग कळलं की तो आजारी आहे! त्यात मास्टर (म्हणजे अख्खा सीन लांबून एकत्र घेतात तो शॉट) झाला की समोरच्याचा क्लोजअप मग माझा, दरवेळी तेच सगळं परत, आणि रुमाल कुठल्या शब्दावर कुठल्या हातात घेतला ते पण लक्षात ठेवायचं नाहीतर एडिटला जुळत नाही. माझ्या क्लोजअपला डॉक्टर समोर नव्हताच, लेन्सच्या बाजूला टेपचा तुकडा चिकटवला होता त्याच्याकडे बघून बोलले. आधी खरे डोळे भरले, नंतर काही केल्या येईना, मग ग्लिसरीन. टीव्हीवर तू बघितलास तो टेक यातला कुठला ते मला पण सांगता येणार नाही.

यावर मोठमोठी माणसं भांडलीयेत बरं का. फ्रान्सचा लेखक दिदरो, त्याचं म्हणणं, नटाने स्वतः काही वाटून घेऊ नये, डोकं थंड ठेवावं, तोच मोठा नट (हे छापून आलं १८३० मध्ये, तो गेल्यावर). आणि १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर काढणाऱ्यांपैकी एक रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की, तो म्हणायचा मी या जागी असतो तर काय केलं असतं ते विचारा. पण शेवटी शेवटी तोही कृतीवर आला, भावनेच्या मागे धावू नका, हाताला काम द्या, ती आपोआप येते. नाट्यशास्त्रात अश्रू, घाम, रोमांच असे आठ सात्त्विक भाव सांगितलेत आणि म्हटलंय की मन एकाग्र झाल्याशिवाय ते येत नाहीत. मला हेच सगळ्यात पटतं, कारण सेटवर एकीकडे हातोडा चालू, दुसरीकडे कोणीतरी लाईट सरकवतंय, तिथे एकाग्र होणं हेच अर्धं काम आहे.

आणि बाबा, मला ते कशाने जमलं माहितीये? डॉक्टर बोलत असताना सीनमधली ती बायको रिपोर्टच्या कागदाची घडी घालते, कडा जुळवते, मग नखाने दाबते, परत उघडते. ते तुमचं आहे. वाईट बातमी ऐकताना तुम्ही हेच करता, तोंडातून शब्द नाही आणि हात चालू. रिहर्सलला मी सहज केलं तर डायरेक्टर म्हणाला हे ठेव. हाताला ते काम मिळालं आणि घसा आपोआप दाटला.

असं काही चोरायला मिळणं आता अवघड झालंय. पूर्वी बसमध्ये, बँकेच्या लाईनीत तासनतास माणसं बघायचे, कोण कसं भांडतं, कोण पैसे मोजताना ओठ हलवतं. आता मला बघितलं की लोक सरळ बसतात, फोन काढतात, कोणी सिरीयलमधल्या नावाने हाक मारतं, एक काकू तर सुनेला छळतेस म्हणून खरंच रागावल्या. मी तक्रार करत नाहीये हं, याच चेहऱ्यावर पुढचं काम मिळतं, आणि सिरीयल संपली की लोक विसरतात पण पटकन, मग पुन्हा ऑडिशनच्या रांगेत. फक्त एवढंच की आपल्याकडे सगळे बघायला लागले की आपल्याला कोणी बघायला मिळत नाही. प्रसिद्धीत हे असं होतं ते मला आधी कोणी बोललं नव्हतं.

म्हणून पुढच्या वेळी घरी येईन तेव्हा प्लीज शेजारीपाजारी सांगून ठेवू नका. लोक आले की तुम्ही दोघं पण बदलता, आई तुझा आवाज वर जातो आणि बाबा चक्क केस विंचरून बाहेर येतात. मला तुम्ही चष्मा शोधत एकमेकांवर चिडता ना, ते बघायचंय.

आणि बाबा, आता कळलंय म्हणून कागदाची घडी मुद्दाम छान घालून दाखवू नका, लगेच ओळखू येतं.

तुमची लेक