दसरा काढताना सुती लुगडी मागे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा काढायला घरोघरी अंथरूण-पांघरूण बाहेर निघेल आणि त्याच झटक्यात कपाटाच्या तळची जुनी लुगडी, धोतरे भांडीवालीच्या पाटीत जातील. तिला टेरिकॉट द्या, नायलॉन द्या. सुती तेवढे मागे ठेवा. लग्न होऊन परगावी जाणाऱ्या मुलीला, निवृत्त होणाऱ्या बाईंना, गल्ली सोडून निघालेल्या शेजारणीला द्यायला सगळ्यांच्या कापडाची आणि सगळ्यांच्या नावांची वाकळ यासारखी वस्तू नाही. गोधडी म्हणा, कौदी म्हणा. मात्र ती पांघरता आली पाहिजे आणि धुता आली पाहिजे. हौसेने शिवलेल्या अशा वाकळा दोन-तीन धुण्यांत फाटतात त्या ठरावीक चुकांमुळे, आणि त्या टाळता येतात, म्हणून हे पत्र.

पहिली चूक कापड निवडताना होते. आजीचे लुगडे म्हणून ते घेतले जाते. त्यात जीव किती उरला आहे, हे कोणी बघत नाही. कापड खिडकीशी उजेडात धरा. जाळी दिसली तर तो भाग सोडा. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून उभे आणि आडवे ताणून बघा. चर्र आवाज आला की ते विरले. बसण्याच्या जागेचा भाग आधी जातो, निऱ्यांचा बहुधा शाबूत असतो. विरलेलाच तुकडा हवा असेल, तर मागे मऊ मलमल लावून तो दुहेरी करून घ्या.

सुती आणि टेरिकॉट शेजारी लावू नका. टेरिकॉट चिवट, ते आटत नाही. सुती आटते, जोडावर ताण येतो आणि फाटते ते सुतीच. कोरे कापड असेल तर रात्रभर भिजवून खळ काढून मगच कापा. इरकलीला वेगळी काळजी लागते. अंग सुती आणि पदर रेशमी असला तर दोन्ही सारखे आटत नाहीत, म्हणून एका चौकोनात अर्धे हे, अर्धे ते घेऊ नये. लाल पदर ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळून बघा. रुमाल गुलाबी झाला तर तो तुकडा धोतराच्या पांढऱ्या चौकोनाजवळ नको. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो, ही समजूत चुकीची आहे. पुढच्या धुण्यात तो पुन्हा उतरतो.

आता माप. एका माणसाला ऐसपैस होईल अशी वाकळ ६० इंच रुंद आणि ७८ इंच लांब धरा. वरच्या थराला ९ इंची चौकोन, आडवे ६ आणि उभे ८, म्हणजे ४८ नावे. चहूबाजूंनी ३ इंची काठ, तो लुगड्याच्या काठाचाच. शिवणीत प्रत्येक बाजूला अर्धा इंच जातो, म्हणून चौकोन १० इंची कापायचा. आतले तीन थर आणि खालचे अस्तर यांना तीन सहावारी साड्या पुरतात: एका साडीतून ६० इंची तीन तुकडे निघतात, दोन जोडले की एक थर झाला. शेवटी एक तुकडा उरतो, त्यातून कडेची पट्टी निघते. पाचापेक्षा जास्त थर नकोत. सुई अडते आणि टाका खालपर्यंत पोचत नाही.

चौकोन एकाच घरी, एकाच पुठ्ठ्याच्या मापाने कापून मगच वाटा. जिने तिने आपापल्या घरी कापले की पाव इंचाचा फरक पडतो, आठ चौकोनांत तो २ इंच होतो आणि वाकळ एका अंगाला ओढली जाते. कड उभ्या धाग्याला धरून कापा. तिरका कापलेला चौकोन ताणतच राहतो. ४८ हवे असले तरी ५४ कापा. एखादा हरवतो, एखाद्यावर चहा सांडतो.

नाव पेनाने लिहू नये. अमेरिकेत १८४० च्या दशकात मैत्रिणींच्या सह्यांच्या गोधड्यांची मोठी चाल होती. पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या कुटुंबांसोबत त्या गेल्या. त्यांतल्या काहींवरच्या लोहयुक्त शाईने पुढे अक्षरांखालचे कापडच खाल्ले. पेन्सिलीने हलके लिहून वर साखळी टाका घाला, भरतकामाच्या सहापदरी धाग्यातले दोनच पदर घेऊन. अक्षर पाऊण इंचापेक्षा लहान नको, नाहीतर मात्रा-वेलांट्या एकमेकींत अडकतात. मराठी नावाची शिरोरेघ आधी भरून घ्या आणि अक्षरे तिच्याखाली सोडा, म्हणजे ओळ वाकडी जात नाही. कन्नड अक्षर गोलाईचे, तिथे टाका निम्म्याने बारीक घ्यावा लागतो. शेजारीण कन्नड असेल तर तिचे नाव तिच्याच लिपीत आणि तिच्याच हाताने यावे. कडेपासून दीड इंच आत राहा. पहिले अक्षर शिवणीत गेले तर सगळा जोड उसवावा लागतो. खाली कापड कुणाचे तेही घाला: ‘आक्काच्या लुगड्याचा पदर’.

चौकोन जोडायला मशीन चालेल. थर शिवायला मात्र हातच हवा. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे राहतो, चुण्या पडतात; आणि त्या घट्ट टाक्यांच्या रेषेवर जुने कापड पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते. थर जमिनीवर पसरा, न ताणता हाताने सारखे करा आणि मध्यापासून बाहेर, वीत-वीत अंतरावर, लांब कच्चे टाके घाला. घाईत नेमके हेच गाळले जाते. आपला धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी मध्यावर येतो. कच्चे टाके नसले की सगळा झोळ मध्ये गोळा होऊन वाकळेला पोट सुटते. मग फेऱ्या उसवण्यावाचून गत्यंतर नाही. दोन फेऱ्यांत पाऊण इंच, इंचाला तीन टाके. या मापाला असे अठरा-एकोणीस हजार टाके पडतात आणि दुहेरी ओवायला ४०० मीटरच्या आसपास दोरा लागतो. दोरा सुतीच घ्या, पॉलिएस्टरचा जुन्या कापडाला कापतो. चार-सहा जणी मिळून शिवत असाल तर दर फेरीला जागा बदला. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल; जागा न बदलल्यास एक बाजू आखडते.

खानापूरच्या रानात आणि पलीकडे हल्याळ-यल्लापूरकडे राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका आपल्या कवंदच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या वाकळेच्या, चारही कोपऱ्यांना घड्या घातलेली त्रिकोणी फुले लावतात. शोभा तर आहेच. शिवाय वाकळ कोपरा धरूनच ओढली-झटकली जाते, तिथे थर वाढले की ती टिकते. हे जरूर घ्यावे, आणि कुणाकडून घेतले तेही सांगावे.

धुताना दगडावर बडवू नका, पिळू नका. रिठ्याच्या पाण्यात भिजवून पायांनी हलके तुडवा. भिजलेली वाकळ दुपटीपेक्षा जड होते, एका दोरीवर टाकली की मधोमध टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर आडवी, उलटी बाजू उन्हाला करून वाळवा. आपल्याकडच्या पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत हमखास बुरशी धरते, त्यापेक्षा सुती बोचक्यात ठेवा आणि दरवेळी घडी बदला.

आणि अस्तराच्या एका कोपऱ्यात खिसा शिवा. उरलेले चौकोन आणि त्याच दोऱ्याची छोटी गुंडी त्यात टाकून वर टाके घाला. ते कापड वाकळेबरोबरच धुतले जाईल, तिच्याइतकेच फिके होईल. दहा वर्षांनी एखादा चौकोन फाटला किंवा घरात नवे नाव आले, तर ठिगळ वेगळे दिसणार नाही.

आपल्या,
वाकळ शिवणाऱ्या मैत्रिणी,
बेळगाव