कॉलिंगवूडची पत्रं कशी वाचायची

चि. मनूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

न्यूकॅसलला राहून प्रबंधासाठी इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन न घेता, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत त्याच्या खालोखाल असलेला कॉलिंगवूड घेतलास, हे उत्तम. नेल्सनची खासगी पत्रं म्हटली की लोक त्याच्या प्रेयसीपाशी, लेडी हॅमिल्टनपाशी, जाऊन थांबतात. कॉलिंगवूडकडे तसलं खमंग काही नाही. आहे तो संसार, आणि तोही जहाजावर बसून चालवलेला.

आधी एक वही घाल. डावीकडे पत्राची तारीख, जहाज, ठिकाण. उजवीकडे त्या वेळी मुलींची वयं. १८०३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पुन्हा पेटलं आणि त्याने मोरपेथचं घर सोडलं, तेव्हा थोरली सारा अकरा वर्षांची आणि धाकटी मेरी पेशन्स दहाच्या आसपास. ७ मार्च १८१० रोजी, भूमध्य समुद्रातल्या पोर्ट माहोनहून इंग्लंडकडे निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो जहाजावर वारला. मधल्या काळात घरी एकदाही गेला नाही. उजवा रकाना भरल्याशिवाय त्याचा उपदेश दहा वर्षांच्या मुलीला आहे की सोळा वर्षांच्या, हे कळणार नाही, आणि बरेच चरित्रकार नेमके इथेच घसरतात.

पत्राच्या माथ्यावरचं जहाजाचं नाव नीट बघ. १८०५ साली ‘ड्रेडनॉट’, मग ट्रफाल्गरच्या थोडेच दिवस आधी ‘रॉयल सॉव्हरिन’, लढाईत तिच्या डोलकाठ्या कोसळल्यावर फ्रिगेट (हलकी, वेगवान युद्धनौका) ‘युरायलस’, पुढे ‘क्वीन’, ‘ओशन’ आणि शेवटी ‘व्हिल द पारी’. तारीख अर्धवट असली तरी जहाजावरून काळ बांधता येतो.

पत्रं जहाजाच्या लॉगशी, म्हणजे रोजच्या नोंदवहीशी, ताडून पाहशील तेव्हा एक खड्डा सांभाळ. आरमारी दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा, आणि तोही नागरी दिवसाच्या बारा तास आधी. म्हणजे २१ ऑक्टोबरची, ट्रफाल्गरच्या लढाईची, दुपार जुन्या पद्धतीच्या लॉगमध्ये २२ तारखेखाली पडते. ही पद्धत मोडण्याचा हुकूम त्याच महिन्यात लंडनहून निघाला होता, पण तो साऱ्या ताफ्यात पोहोचून अमलात यायला वेळ लागला. पत्रावर मात्र नेहमीची तारीख. एका दिवसाचा फरक दिसला की लगेच ‘कॉलिंगवूड चुकला’ असं लिहू नकोस.

टपालाचा वेळही धरायला हवा. ट्रफाल्गरचा खलिता ही सर्वांत तातडीची डाक. त्यावर तारीख २२ ऑक्टोबरची. ‘पिकल’ नावाच्या स्कूनरने, म्हणजे छोट्या शिडाच्या जहाजाने, तो ४ नोव्हेंबरला फालमथला उतरवला, लेफ्टनंट लापेनोटिएरने एकवीस वेळा घोडे बदलले, तेव्हा ५ तारखेची मध्यरात्र उलटून गेल्यावर तो लंडनला आरमाराच्या मुख्य कचेरीत, म्हणजे अ‍ॅडमिरल्टीत पोहोचला. घरच्या पत्राला असा मान कुठला? इंग्लंडला एखादं जहाज निघेपर्यंत ते पडून राहायचं. त्यामुळे प्रश्न आणि उत्तर वाटेत एकमेकांना ओलांडून जात. दोन-तीन महिने उत्तर नाही म्हणून नवरा-बायकोत दुरावा शोधू नकोस.

मुख्य संग्रह १८२८ सालचा, साराच्या नवऱ्याने छापलेला. जावयाने सासऱ्याची पत्रं निवडायची म्हटल्यावर काय गाळलं जातं, हे तुला सांगायला नको. म्हणून एडवर्ड ह्यूज यांनी १९५७ मध्ये नेव्ही रेकॉर्ड्स सोसायटीसाठी संपादित केलेला खंड शेजारी ठेव. त्यातला माणूस जास्त करकरीत आहे.

सुरुवात १६ जून १८०६ च्या पत्रापासून कर. लग्नाचा वाढदिवस, जहाज ‘ओशन’. ट्रफाल्गरला उमराव झालेला हा माणूस बायकोला विचारतो काय, तर मी लावलेली झाडं कशी आहेत, तीन ओकांखाली उन्हाळ्यात बसण्यापुरती सावली पडते का, गच्चीच्या भिंतीने दम धरलाय ना. हिवाळ्यात सकाळी सहाला दारावरून खडखडत जाणारी जुनी गाडीसुद्धा त्याला आठवते. लगेच पुढे पैशाचं: उमरावपदाची फी भरता भरता पेढीवरची शिल्लक संपली, मिडशिपमन (शिकाऊ आरमारी अधिकारी) असल्यापासून पहिल्यांदाच डोक्यावर कर्ज झालं. पण इथे खर्चच नाही, आणि तू पाठवलेले सुऱ्या-काटे, चहाची किटली मिळाली! किताबाचा हा हिशेब इतक्या उघडपणे फार थोड्या सेनापतींनी लिहिला असेल.

मुलींना भूमिती शिकवावी, असा त्याचा आग्रह. खरं काय आणि खऱ्यासारखं दिसणारं काय, हे ती शिकवते, असं त्याचं कारण. त्या काळात मुलींसाठी हे मागणं साधं नव्हतं. पत्र कसं लिहावं यावरही मुलीला लांबलचक धडा आहे: थट्टा कर, पण कुणाला बोचेल अशी नको, वाक्य लिहिण्याआधी त्यातला शब्द न् शब्द तपास. मला त्यात प्रेमापेक्षा परेड जास्त दिसते. याउलट आपल्या बाऊन्स कुत्र्याबद्दल लिहिताना हाच माणूस मोकळा होतो. मालक उमराव झाल्यापासून कुत्र्याचाच तोरा असह्य झालाय, अशी तक्रार आहे.

‘कर्तव्यापुढे घर विसरला’ हे ठरावीक वाक्य टाळ. १८०८ मध्ये प्रकृती ढासळल्यावर त्याने सुटका मागितली होती. अ‍ॅडमिरल्टीने मन वळवून त्याला थांबवलं.

एका रविवारी टाइनमथला जाऊन ये, त्याच्या पुतळ्याच्या पायथ्याशी ‘रॉयल सॉव्हरिन’च्या चार तोफा आहेत. मोरपेथचं घर ओल्डगेट रस्त्यावर, न्यूकॅसलहून आगगाडीने फार वेळ लागत नाही.

आणि किताबाची भानगड सोडू नकोस. मुलगा नव्हता, म्हणून उमरावकी मुलींकडे जावी अशी त्याची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि किताब त्याच्याबरोबरच संपला. पेन्शन वर्षाला २,००० पौंड; मृत्यूनंतर बायकोला १,००० आणि दोन्ही मुलींना ५००-५००. उमरावकीची ही मागणी कोणकोणत्या पत्रांत, कुणाकडे, कोणत्या शब्दांत केली आहे ते तारीखवार काढ. तुझं दुसरं प्रकरण त्यातूनच उभं राहील. कच्चा खर्डा झाला की पाठव.

तुझा,
बाबा