झोपेची गोळी सुटल्यानंतरचे दिवस

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात नशेच्या गोळ्या पकडल्याची बातमी होती. बातमीतलं औषध अल्प्राझोलाम, झोपेसाठी आणि घबराटीवर देतात ती गोळी. तेच मी अकरा वर्षं घेतलं. मी साताऱ्यात ब्लाउज शिवते, वय ६२. नशा कशाला म्हणतात ते मला ठाऊक नाही. मिस्टर गेले, झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी ०.५ मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. त्या पंधरा दिवसांच्या चिठ्ठीवर मी अकरा वर्षं काढली. चिठ्ठी घडीवर फाटली, मी चिकटपट्टी लावली, पण दुकानदाराने ती कधी उलगडून पाहिली नाही. हे औषध 'शेड्यूल एच-१'मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांच्या कडक सरकारी यादीत येतं. २०१४पासून ते देताना रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची असा नियम आहे, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तरी मी तक्रार केली नसती. गोळी मलाच हवी होती.

पण पत्र त्याबद्दल नाही. गोळी बंद झाल्यावर जे होतं, त्याबद्दल कुठेच छापून येत नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिल्यांदा मी ती एकदम सोडली होती. तिसऱ्या दिवशी हातातली कात्री थरथरायला लागली, भिंतीवरचं कॅलेंडर हलताना दिसलं. मुलीने दवाखान्यात नेलं. असं एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी चांगलंच झापलं. मग मानसोपचारतज्ज्ञांनी अल्प्राझोलामच्या जागी शरीरात जास्त वेळ टिकणारं डायझेपाम दिलं आणि ते थोडं थोडं करत तेरा महिन्यांत बंद केलं. शेवटचा तुकडा घेतला त्या दिवशी मी शेजाऱ्यांना पेढे वाटले.

पेढ्यांची घाई झाली. दोन-तीन महिने बरे गेले आणि मग कानात आवाज सुरू झाला. तळपाय इतके जळायचे की रात्री पलंग सोडून शहाबादी फरशीवर पाय टेकून बसायची. पापणी फडफडायची. चाळीस वर्षं ज्या हाताने काजं केली त्या हाताला सुईत दोरा ओवता येईना. सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरातले म्हणायचे, "आता गोळी बंद आहे ना, मग आता कसलं?" डॉक्टरांनी समजावलं होतं की मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेने इतकी वर्षं गोळीची काठी धरली होती, आता बिनकाठीचं चालायला तिला वेळ लागेल. पटलं होतं. पण पहाटे तीनला पटलेलं आठवत नाही.

त्याच दवाखान्याच्या बाकावर एक निवृत्त एसटी कंडक्टर भेटले. आम्ही त्यांना काका म्हणतो. मी कानाचं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "रातकिडे की शिट्टी?" इतक्या महिन्यांत कुणी 'कसला आवाज' असं विचारलं नव्हतं. मला रडूच आलं. माझे रातकिडे, त्यांची शिट्टी. काकांची दारू सुटली ती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगांमधून. झोपेच्या गोळ्या नंतर सुटल्या आणि दारूपेक्षा जड गेल्या असं ते सांगतात. त्यांनी मला एक शब्द दिला, 'उघडीप'. पावसाळ्यासारखं आहे म्हणाले, चार दिवस झड लागते, मग उघडीप, परत झड. झड आली म्हणून पावसाळा पहिल्यापासून सुरू होत नाही. एखाद्या दुपारी कान गप्प झाला की मी आता वहीत 'उ' लिहिते.

आज आम्ही पाच जण आहोत. दर गुरुवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मशीनशेजारी बसतो. काकांच्या मुलाने काही पानं मराठीत सांगितली. हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टरांनी १९८२ ते १९९४ इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला खास अशा गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला, आणि काहींना ही लक्षणं गोळी बंद झाल्यावरही महिनोन्‌महिने राहतात हे लिहून ठेवलं. ते ऐकून आमच्यातल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "म्हणजे मी नाटक करत नाही." त्यांच्या सासूबाईंना हे कोण सांगणार, हा निराळा प्रश्न.

आमच्यात दोन नियम आहेत. किती मिलिग्रॅम कमी करायचं हे कुणी कुणाला सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. आणि प्रत्येक दुखणं गोळीच्या खात्यावर घालायचं नाही. हा नियम महागात पडून शिकलो. एकीची धडधड आम्ही 'झड आहे, जाईल' म्हणून दोन महिने चालवून घेतली, निघाला थायरॉइड.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाचा हात दुसऱ्याला कसा धरायला लावायचा हे दाखवलंय. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली अर्धी गोळी घेणारी बाई स्वतःला व्यसनी समजत नाही, म्हणून ती अशा दारापर्यंत जातच नाही. मी काकांबरोबर एका मीटिंगला गेले होते. सगळ्यांनी मायेने बसवून घेतलं, पण माझ्याकडे सांगायला ना बाटली होती ना कर्ज. मी चहा पिऊन परत आले.

माझं दुकान आठ बाय दहाचं आहे. सहावा माणूस आला तर कापडांच्या गठ्ठ्यावर बसवावा लागेल. जिल्हा रुग्णालयाने किंवा एखाद्या वाचनालयाने गुरुवारी संध्याकाळी तासभर एक खोली द्यावी आणि महिन्यातून एकदा कुणी डॉक्टर डोकावून जावेत, एवढीच मागणी आहे. झाडलोट आम्ही करू. बाहेरच्या पाटीवर 'व्यसनमुक्ती' लिहू नका, 'झोपेच्या गोळ्या सोडलेल्यांसाठी' लिहा. आणि बातमी देताना 'नशेच्या गोळ्या' लिहिलंत तर सोबत एक ओळ टाका, की घरात कुणी रोज घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका. परवाची बातमी वाचून आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी घाबरून पाकीट कचऱ्यात टाकलं होतं. सुनेने ते परत शोधून काढलं.

आपली,
एक वाचक, सातारा
(धंदा गावातच आहे, नाव छापू नये ही विनंती.)