गरोदर बाई ज्या गावात आहे, त्याच गावात तिची नोंद करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : कामासाठी विदर्भात नव्याने आलेल्या गरोदर बायांची नोंद, तपासणी आणि बाळंतपण

महोदय,

दिवाळी आटोपली की धारणी-चिखलदऱ्याची कोरकू कुटुंबे मेळघाटातून खाली अचलपूर, अंजनगाव, अकोटच्या बाजूला कामाला उतरतात आणि होळीला परत फिरतात. त्याच दिवसांत मध्य प्रदेशातल्या बैतूल, छिंदवाड्याकडून आणि छत्तीसगडमधून माणसे वीटभट्ट्यांवर, जिनिंगवर, कापूस वेचणीला येतात. त्यांच्यात पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्याच्या बाया असतात. कळा सुरू झाल्यावर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जायचे की जवळच्या खासगी नर्सिंग होममध्ये, हे त्या बाईला किंवा तिच्या नवऱ्याला नव्या मुलखात सहसा ठरवता येत नाही. ठेकेदार सांगेल तिथे, नाहीतर ऑटोवाला नेईल तिथे ती जाते.

आम्ही या बायांसोबत काम करणाऱ्या आशा, परिचारिका आणि कार्यकर्त्या आहोत. सरकारी चांगले की खासगी चांगले, असा सरळ सवाल इथे नसतो. बहुतेक बाया दोन्हीकडे जातात. पहिली तपासणी गावाकडच्या उपकेंद्रात, सोनोग्राफी तालुक्याला पैसे देऊन, बाळंतपण तिसरीकडेच. या तिन्ही ठिकाणांचा एकमेकांशी संबंध नसतो. धोका तयार होतो तो इथे, आणि तो दूर करणे पूर्णपणे आपल्या विभागाच्या हातात आहे.

सुरुवात नोंदीपासून. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून लागू आहे. सरकारी संस्थेत येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण (साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझरमध्ये ७ दिवस) आणि घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात, परत घरी अशी गाडी मोफत आहे. बाई कोणत्या जिल्ह्याची, कोणत्या राज्याची, अशी अट त्यात नाही. प्रत्यक्षात मात्र पहिला प्रश्न येतो, "तुमची नोंद कुठे आहे?" आधारवर पत्ता मध्य प्रदेशातल्या भैंसदेहीचा, कार्ड घरी पेटीत राहिलेले, गरोदर बायांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर गावाकडच्या दिराचा. मग "तिकडेच जा" किंवा "उद्या कागद घेऊन या" हे उत्तर मिळते. उद्याची मजुरी बुडते, आणि बाई पुन्हा येत नाही.

कर्मचाऱ्यांनाही दोष देऊन चालणार नाही. आरोग्यसेविकेचे उद्दिष्ट तिच्या गावाच्या सर्वेक्षणावरून ठरते आणि भट्टीवरचे लोक त्या सर्वेक्षणात नसतात. आशाचा मोबदला तपासणी आणि संस्थेतील बाळंतपण अशा टप्प्यांना बांधलेला आहे. सातव्या महिन्यात आलेल्या बाईच्या आधीच्या तपासण्या दुसरीकडे झालेल्या असतात, त्यामुळे तिच्यामागे केलेली धावपळ आशाच्या हिशेबात नीट बसत नाही. भट्टी दोन गावांच्या शिवेवर असली तर ती कोणाचीच नसते.

म्हणून लेखी परिपत्रक हवे : कोणत्याही उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, पत्त्याचा पुरावा न मागता, त्याच दिवशी नोंद आणि नवे माता-बाल संरक्षण कार्ड. जुना क्रमांक सापडला तर जोडावा, न सापडला तर तपासणी अडवू नये. पहिल्याच भेटीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिने व साखर, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सिकलसेल (रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) इतके व्हावे आणि निकाल कार्डावर पेनाने लिहून बाईच्या हातात द्यावेत. ती पुढच्या महिन्यात कुठे असेल हे कोणालाच सांगता येत नाही. पोर्टलवरची नोंद रात्री दोन वाजता नर्सिंग होमच्या दारात उघडत नाही. हातातले कार्ड उघडते.

रक्तगटाचेच घ्या. बाई आरएच निगेटिव्ह असेल आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते. रक्तगट एका सुट्या चिठ्ठीवर लिहिलेला आणि ती चिठ्ठी सोनोग्राफीच्या पिशवीत राहिलेली असली, तर बाई इंजेक्शन न घेताच तिसऱ्या दिवशी भट्टीवर परत गेलेली असते. या बाळाला बहुधा काही होत नाही, पण पुढच्या गरोदरपणात बाळाच्या रक्तपेशी फुटू शकतात. तेव्हा कारण शोधायला कोणी मागे जात नाही.

सिकलसेलबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या कुटुंबांत, हा आजार घरोघरी ठाऊक आहे आणि तरी बाळंतपणाच्या वेळी त्याचा विसर पडतो. गावात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढेच कळते. बाई फक्त वाहक आहे (दोष अंगात, पण आजार नाही) की रुग्ण आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही मोठ्या प्रयोगशाळेतली चाचणी लागते. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्हही येऊ शकते, म्हणजे जिला सर्वांत जास्त गरज तीच निसटते. पुढच्या चाचणीचा निकाल येईपर्यंत कुटुंब दुसऱ्या भट्टीवर गेलेले असते. निकाल नमुना घेणाऱ्या केंद्राकडेच पडून राहतो. नमुना घेतानाच बाईचा, ठेकेदाराचा आणि गावाकडच्या आशाचा असे तीन नंबर घेतले आणि निकाल तिघांनाही कळवण्याची जबाबदारी एका माणसावर टाकली, तर हे निकाल वाया जाणार नाहीत. नवऱ्याचीही चाचणी त्याच दिवशी करावी : दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आणि सिकलसेलची रुग्ण असलेल्या बाईचे बाळंतपण लहान नर्सिंग होममध्ये किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ नये. तिला रक्त, ऑक्सिजन आणि फिजिशियन हाताशी असलेली जागा लागते, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय. हे तिला सातव्या महिन्यात सांगितले पाहिजे. कळा सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही.

आता रात्रीचा प्रश्न. लोक सरकारी दवाखाना टाळतात ते केवळ वागणुकीमुळे नाही. तिथे आज रात्री काय होऊ शकते हे आधी कळत नाही म्हणून टाळतात. इमारतीवर ग्रामीण रुग्णालय लिहिलेले असते, पण सिझरसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त हे तिन्ही एकाच वेळी लागतात. यांतले एक नसले तरी बाई पुढे पाठवली जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा अशी दारे बदलता बदलता तास जातात, आणि शेवटच्या दारात तिची हकिगत कोणाला माहीत नसते. वाटेत कंटाळून घरचे एखाद्या नर्सिंग होममध्ये शिरतात. त्याला आपण "खासगीची निवड" म्हणू नये.

उपाय महागडा नाही. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या दर्शनी भागात रोज बदलणारा फलक लावा : आज सिझर होते की नाही, भूलतज्ज्ञ किती वाजेपर्यंत, रक्त साठवण आहे का, नवजात बाळाचा कक्ष चालू आहे का. हीच माहिती १०८ च्या नियंत्रण कक्षाला आणि आशांना रोज सकाळी द्या, म्हणजे जिला सिझर लागणार हे दिसते आहे ती गाडी मधल्या दारांवर न थांबता थेट योग्य ठिकाणी जाईल. झटके आलेल्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रातून हलवण्याआधी झटके आवरणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस (दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम) देण्याचे मार्गदर्शन आहे. तो दिला की नाही, किती वाजता दिला, हे रेफरल चिठ्ठीवर लिहिणे सक्तीचे करा. न लिहिल्यामुळे पुढचा डॉक्टर एकतर डोस चुकवतो किंवा दोनदा देतो.

रक्ताचेही तसेच. कागदावर मोफत असलेल्या रक्तासाठी बदल्यात रक्तदाता मागितला जातो. स्थानिक माणूस मामाला, मित्राला बोलावतो. भट्टीवरचा माणूस कोणाला बोलावणार? बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी बदली रक्तदात्याची मागणी बंद करा.

सोनोग्राफीसाठी बाईला बाहेर पाठवले जाते आणि पैसे तिनेच भरायचे असतात. तपासण्या मोफत असल्याने हा खर्च रुग्णालयाने भरायला हवा. खासगी केंद्र तिच्याकडून फॉर्म एफसाठी (लिंगनिदानबंदी कायद्याखाली सोनोग्राफीआधी भरायचा अर्ज) ओळखपत्राची प्रत मागते. ती नसली की बाई परत. लिंगनिदान रोखणारा कायदा आम्हाला हवाच आहे, त्यात सूट मागत नाही. सरकारी रुग्णालयाने दिलेले फोटो लावलेले कार्ड आणि डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी धरावी, एवढीच मागणी आहे.

खासगीकडे वळतो. काही बायांसाठी नर्सिंग होम हा योग्य निर्णय असतो : सरकारी रुग्णालयात त्या रात्री सिझर होत नाही आणि जिल्हा दूर आहे, तेव्हा जवळचा सर्जन जीव वाचवतो. पण तालुक्याच्या लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येतो, रक्त बाहेरून आणावे लागते आणि कमी वजनाचे बाळ झाले की ते शेवटी सरकारी कक्षातच पाठवले जाते. धोक्याच्या बाईसाठी तिथला शांत, स्वच्छ कक्ष सुरक्षिततेची खूण नव्हे. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात सरकारी संस्थांत १४.३ टक्के आणि खासगी संस्थांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. वीटभट्टीवर बसून माती थापणाऱ्या बाईला सिझर म्हणजे कामाचा अख्खा हंगाम गेला आणि ठेकेदाराची उचल अंगावर राहिली, हे त्या आकड्यात दिसत नाही.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. ते मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि हिंदीतही लावले आहे का, हे तालुक्यांत जाऊन तपासा. "पॅकेज" सांगतात तेव्हा त्यात भूलतज्ज्ञाची फी, बालरोगतज्ज्ञाची भेट, औषधे, रक्ताची पिशवी, बाळाला ठेवावे लागले तर रोजचा दर, हे धरले आहे की वेगळे, हे दरपत्रकात ओळीओळीने असले पाहिजे. बिल थकले म्हणून बाईला किंवा बाळाला अडवून ठेवता येत नाही आणि सुटीचा कागदही रोखता येत नाही, हे त्याच फलकावर लिहा. तक्रारीचा नंबर लिहा, आणि तो उचलणारा माणूस नेमा. खासगी दवाखान्यानेही केलेली तपासणी त्याच सरकारी माता-बाल कार्डावर भरावी असा आदेश हवा. आणि सरकारी डॉक्टरने खासगी अहवाल "बाहेरचा" म्हणून बाजूला सारू नये.

पैशाबद्दल थोडक्यात. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रात ग्रामीण बाईला ७०० रुपये मिळतात, तेही दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये ग्रामीण बाईला सरकारी संस्थेतील बाळंतपणासाठी १४०० रुपये मिळतात. त्यामुळे काही बाया नवव्या महिन्यात हादरे खात गावाकडे निघतात. इथे बाळंत झालेल्या बाईला तिच्या राज्याच्या दराने रक्कम मिळावी यासाठी शेजारच्या राज्यांशी आपण बोलावे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे ५००० रुपये आधार जोडलेल्या खात्यातच जातात. ओटीपी दिराच्या मोबाइलवर गेला की अर्ज तिथेच अडतो.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तोवर कुटुंब दुसऱ्या राज्यात असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळेपासून पुढे सगळीकडे हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा आहे. सरकारी असो की खासगी, सुटीच्या कागदासोबतच दाखला हातात द्या.

बाळंतपणानंतर ४८ तास बाईने दवाखान्यात राहायचे असते, कारण रक्तस्राव आणि झटके याच काळात येतात. मोठी मुले भट्टीवर एकटी असल्याने ती लवकर निघते. एक नातेवाईक आणि लहान मूल यांच्या जेवणाची सोय केली तर ती थांबते, असा आमचा अनुभव आहे. मेळघाटात माहेरघर आहे, म्हणजे बाळंतपणाआधी दवाखान्याजवळ येऊन राहायची जागा. तशी एखादी खोली भट्ट्या असलेल्या तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयातही द्या.

हंगाम सुरू होण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ग्रामपंचायतीकडून भट्ट्या, जिनिंग आणि मोठ्या बागांची यादी घ्यावी. प्रत्येक ठिकाणासमोर एका आशाचे आणि एका आरोग्यसेविकेचे नाव लिहावे. शिवेवरची भट्टी कोणाची, हे त्याच कागदावर ठरावे. आशाला तिथल्या प्रत्येक भेटीचा वेगळा मोबदला मिळावा आणि बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटी त्याच आशाच्या नावावर लागाव्यात. हे परिपत्रक दिवाळीच्या आत निघाले, तर या हंगामात येणाऱ्या बायांना त्याचा उपयोग होईल.

आपल्या,
विदर्भाच्या ग्रामीण भागातील आशा, परिचारिका आणि आरोग्य कार्यकर्त्या