नदी सोडलेली नाही, आप्पा

सलायडा, कोलोरॅडो
८ जून

ती. आप्पा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "सुटलास बाबा एकदाचा त्या पाण्यातून." तिचा आवाज इतका हलका झाला होता की मला पुढे काही बोलवेना. म्हणून लिहायला बसलो. रोज पर्यटकांना राफ्टमधून नेणं मी कमी केलं, हे खरं. पण नदी सोडलेली नाही. आता मी गाइड लोकांना आणि डोंगरात काम करणाऱ्यांना रेस्क्यू शिकवतो. त्यात पाण्यात उतरणं उलट वाढलंच आहे.

तिकडे मृग लागला असेल. इथे पावसाने नाही, डोंगरावरचा बर्फ वितळून पूर येतो आणि आर्कन्सॉ नदी जूनमध्ये सगळ्यात जोरात असते. पाणी असं गार की पडलेल्या माणसाचा पहिल्यांदा श्वासच अडकतो आणि थोड्याच वेळात बोटं वळेनाशी होतात. सकाळी उठून आम्ही आधी क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय त्याचा आकडा बघतो. बर्फ संपला की १ जुलै ते १५ ऑगस्ट नदी निदान ७०० क्युसेकने वाहावी म्हणून वरच्या तलावांतून पाणी सोडतात. मला दरवेळी कोलाडची कुंडलिका नदी आठवते. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की साज्याजवळ राफ्ट उतरवायच्या, नाहीतर काठावर वाट बघायची. दोन्हीकडे नदी वरून कुणीतरी सोडतो तेव्हाच आपली.

एक गोष्ट तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती, आज सांगतो. कोलाडला माझं दुसरं वर्ष होतं. एक मुलगा राफ्टमधून पडला, वाहत मांडीभर पाण्यात आला आणि घाबरून उभा राहिला. पाय दोन दगडांत अडकला. मागून पाण्याचा रेटा, त्याने तो पुढे वाकला आणि तोंड पाण्याखाली गेलं. मी उडी घेणारच होतो. आमच्या नेपाळी गाइड दाजूंनी माझ्या लाइफ जॅकेटची पट्टी धरून मला मागे खेचलं आणि दोराचं एक टोक पलीकडच्या काठावर टाकलं. दोन्ही काठांवरून दोर ताणून त्याच्या छातीखाली आणला, तोंड वर आलं, तो श्वास घेऊ लागला. मग पाय प्रवाहाच्या उलट्या दिशेला ओढून सोडवला. मी उडी मारली असती तर अडकलेली माणसं दोन झाली असती.

आज माझ्या वर्गाचा पहिला धडा तोच आहे. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाठीवर पडायचं, पाय पुढे आणि पाण्याच्या वर. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणीही तरण्या माणसाला आडवं करतं. आणि वाचवायचं असेल तर आधी काठी पुढे करा, नाही पोहोचली तर दोर फेका, मग होडी न्या. स्वतः उतरणं अगदी शेवटी. ऐकायला सोपं आहे, पण आपलं माणूस गटांगळ्या खाताना काठावर थांबून नीट दोर फेकणं हे शेकडो वेळा हाताला वळण लावल्याशिवाय जमत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे बातमी येते ना, एक घसरला आणि त्याच्या मागे उडी घेतलेले दोघेही गेले? ती वाचली की मला रात्रभर झोप लागत नाही.

पाण्याच्या शिक्षणानंतर मी जंगलातल्या प्रथमोपचाराचाही कोर्स केला, आठ-दहा दिवसांचा. तिथे पहिल्याच दिवशी सांगतात की मोठ्या इलाजापासून तासाभराहून लांब असलेली कुठलीही जागा रानच समजायची. मी तिथेच थबकलो. आपल्या वरचा धनगरवाडा मग काय आहे? काकूंना पावसात झोळीत घालून खाली आणलं ती रात्र आठवली. मी खांदा बदलत होतो आणि कुणालाच ठाऊक नव्हतं की त्यांना कुशीवर ठेवायचं, ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळायचं. इथे सहा जण मिळून स्ट्रेचर उचलतात, एक जण रस्ता बघतो, एक जण सतत रोग्याशी बोलत राहतो. आपल्या लोकांचे खांदे यांच्यापेक्षा मजबूत आहेत. फक्त ही पद्धत त्यांच्यापर्यंत कुणी नेली नाही.

सापविंचवाचा धडा आला की मी वर्गाला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल सांगतो. आपल्याच रायगडात राहून, रक्तदाबाच्या एका गोळीने त्यांनी विंचूदंशाचे किती रोगी वाचवले, ते 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. वर्ग शांत होऊन ऐकतो आणि माझी छाती भरून येते. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय हलू न देता थेट दवाखाना. हे धनगरवाड्यावर प्रत्येक घरात पोहोचलं पाहिजे.

तर आप्पा, डिसेंबरात मी सहा आठवडे घरी येतोय. त्याआधी एवढं करा. सरपंचांशी बोलून शाळेचं पटांगण चार रविवार मागून ठेवा. दादाला सांगा, रोह्याहून वीस-वीस मीटरचे तरंगणारे, बोटाएवढे जाड दोर आणायला, निदान दहा. सुती नकोत, ते भिजून बुडतात. दोन दोर आत्ताच, पावसाच्या आधी, नदीच्या घाटावर टांगा. एका टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधा. पोरांना सांगा, कुणी पडलं तर आधी तो फेका, पडलेल्याच्या थोडा पलीकडे, म्हणजे दोर त्याच्या हातावर येईल. आणि ते दोर गुरं बांधायला कुणी नेऊ नयेत, तेवढं तुम्ही बघा. तुमचं सगळे ऐकतात.

आईला सांगा, मी दर वेळी जॅकेटचे सगळे पट्टे आवळूनच पाण्यात उतरतो. वहिनीला नमस्कार.

आपला,
धाकटा